सांगलीच्या पुराचा पैसा नेमका कुठे अडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही शामरावनगरात राहता, २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा घरात पाणी आलं, आता जागतिक बँकेच्या तीन हजार कोटींच्या बातम्या वाचता. एवढा पैसा असूनही पूर का थांबत नाही? पैसा कमी पडतो, मधल्या मध्ये खाल्ला जातो, की पुढाऱ्यांना तो थांबवायचाच नाही?

माझी नोकरी जलसंपदा खात्यात गेली, बरीचशी कृष्णा खोऱ्यातच. निवृत्तीनंतर दोन-तीन नगरपालिकांचे पूरनियंत्रणाचे प्रस्ताव तपासून दिले. त्या अनुभवावरून माझं मत सांगतो. पैसा अपुरा आहे हे खरं, थोडा खाल्ला जातो हेही खरं, पण अडचणीचं मूळ तिथे नाही. ज्या कामात कुणाकडून काही काढून घ्यावं लागत नाही त्या कामाला पैसा सापडतो. ज्या कामासाठी कुणाची जमीन, कुणाचं पाणी किंवा कुणाचा बांधकामाचा हक्क कमी करावा लागतो, ते काम स्वस्त असलं तरी फाइलीत राहतं. सांगलीच्या दुर्दैवाने उपयोगाची बरीचशी कामं दुसऱ्या प्रकारातली आहेत.

आधी ‘पूर थांबणं’ म्हणजे काय ते ठरवू. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ फुटांच्या वर, २०२१ ला ५५ च्या आसपास. ५७ फुटांचा पूर शहराबाहेर ठेवेल अशी योजना कुणी कागदावर आणली, तर त्याला पहिला प्रश्न विचारा की ते पाणी मग कुठे जाईल. ४५ फुटांपर्यंत वस्तीत पाणी येऊ न देणं मात्र आवाक्यातलं आहे. ५० ला किती नुकसान होईल ते कमी करता येतं. ५७ ला माणसं वेळेत बाहेर काढणं आणि पाणी ओसरल्यावर आठवड्याभरात शहर उभं करणं एवढंच हातात असतं. या तीन पातळ्यांची कामं वेगळी, खर्च वेगळा आणि राजकारणही वेगळं. सभेत मात्र तिन्हींचं मिळून ‘महापुरावर कायमस्वरूपी उपाय’ होतं, आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते.

दुसरा फरक तुमच्या भागापुरता महत्त्वाचा. शामरावनगर म्हणजे काळ्या मातीचा सखल पट्टा, नैसर्गिक निचरा जवळपास नाही. तिथे दोन वेगवेगळी पाणी येतात. एक कृष्णेचं, जे नाल्यांमधून उलटं चढतं. दुसरं तुमच्याच भागात पडलेल्या पावसाचं, जे नदी फुगलेली असल्यामुळे बाहेर जाऊ शकत नाही. दुसऱ्या पाण्याला वरचं कोयना धरण, खालचं कर्नाटकातलं अलमट्टी धरण यातलं काहीच कारणीभूत नसतं. त्याला कारण असतं बुजवलेला ओढा, अरुंद मोरी आणि नसलेला पंप. एखाद्या वर्षी आयर्विनला ४० फूटही पाणी नसताना तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी असेल, तर दोष नदीला देऊ नका.

आता पैशाकडे वळू. आपल्याकडे आपत्तीचा पैसा मुख्यतः नुकसान झाल्यावर येतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा त्यातला सर्वांत भक्कम स्रोत. त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५ टक्के, आणि १५ व्या वित्त आयोगाने सर्वांत मोठी रक्कम महाराष्ट्रालाच दिली. याच आयोगाने पहिल्यांदा एक चांगली गोष्ट केली: एकूण रकमेतला २० टक्के भाग आपत्तीचा धोका आधीच कमी करण्यासाठी, म्हणजे सौम्यीकरणासाठी, वेगळा काढायला लावला. उरलेला ८० टक्के मदत, पुनर्बांधणी आणि सज्जता यांच्याकडे जातो. म्हणजे धोरणात बदल होऊनही तराजू चारास एक असाच आहे.

शहरी पुरासाठी त्याच आयोगाने वेगळे २,५०० कोटीही ठेवले. ते मिळाले सात शहरांना: मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना प्रत्येकी ५०० कोटी आणि बंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद, पुणे यांना प्रत्येकी २५० कोटी. सांगली, कोल्हापूर, चिपळूण, महाड ही नावं त्यात नाहीत. महानगराचं नुकसान देशाला दिसतं, जिल्ह्याच्या गावाचं नुकसान जिल्ह्यालाच दिसतं. केंद्राची पूर व्यवस्थापनाची दुसरी योजना आहे, त्यात आपल्यासारख्या राज्याला ६० टक्के केंद्राकडून मिळतात. पण २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी सगळ्या देशाला मिळून ती ४,१०० कोटींची मंजूर झाली, आणि त्यातही सीमावर्ती नद्यांचा वाटा वेगळा काढलेला. आसाम, बिहार, उत्तर प्रदेश रांगेत पुढे उभे असताना कृष्णेच्या वाट्याला काय येणार, याचा अंदाज करा.

मग राज्याच्या घोषणा राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राज्याने केंद्राकडे ६,८१३ कोटी मागितले, त्यातले ४,७०८ कोटी कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यासाठी होते. ते जवळजवळ सगळे मदत आणि दुरुस्तीचे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याची फोड फार कमी लोकांनी वाचली: १,५०० कोटी तातडीची मदत, ३,००० कोटी पुनर्बांधणी आणि ७,००० कोटी पुढच्या काही वर्षांतली सौम्यीकरणाची कामं. कागदावर ही फोड मला आजही उत्तम वाटते. पण ज्या १,५०० कोटींसाठी पंचनामे होतात, तलाठी दारात येतो, खात्यावर रक्कम जमा होते, त्या पैशाला लोकांचा पाठपुरावा असतो. सात हजार कोटींच्या कामांना लाभार्थ्यांची यादीच नसते. न आलेल्या पुराचा पंचनामा कोण करणार? वर्षभरात सरकार बदललं, प्राधान्यं बदलली, आणि त्या सात हजार कोटींचं काय झालं असं विचारत कुणी मोर्चा काढल्याचं माझ्या पाहण्यात नाही. सानुग्रह अनुदान उशिरा मिळालं म्हणून निघालेले मोर्चे मात्र मी भरपूर पाहिले. पुढारी हे बरोबर वाचतात. त्यांना पूर हवा असतो असं मी म्हणणार नाही, पण मत कशावर मिळतं हे त्यांना ठाऊक असतं.

आता ज्या कार्यक्रमाबद्दल तुम्ही विचारलं तो. ‘महाराष्ट्र प्रतिसादक्षम विकास कार्यक्रम’ सुमारे ३,२०० कोटींचा आहे, त्यात साधारण ७० टक्के जागतिक बँकेचं कर्ज आणि ३० टक्के राज्याचा हिस्सा. हे अनुदान नाही, राज्याला फेडायचं आहे. कर्जाचा एक फायदा असतो, तो मी स्वतः पाहिलेला आहे. बाहेरची संस्था पैसे देते तेव्हा मोजमाप, सर्वेक्षण आणि अहवाल यांना पर्याय राहत नाही, आणि सरकार बदललं तरी करार टिकतो. तोटा असा की कर्ज फेडायचं असल्यामुळे मोठी, दिसणारी, एका टेंडरमध्ये बसणारी कामं पुढे सरकतात. पन्नास नाल्यांवर पन्नास झडपा बसवायच्या म्हटलं की पन्नास ठिकाणचं मोजमाप आणि पन्नास तक्रारी. त्यापेक्षा एक लांब भिंत सगळ्यांनाच सोपी.

पैसा ज्या तीन कामांकडे आपोआप वाहतो, त्यांच्याकडे बघू.

पहिली भिंत. काही ठिकाणी ती लागतेच, विशेषतः घाट आणि खचणारा काठ. पण सांगलीच्या काठाने भिंत उंच करत नेली तर समोर सांगलीवाडी आहे. ती याच महापालिकेत आहे, तिथलेही लोक कर भरतात. शिवाय भिंतीच्या आत पडलेला पाऊस बाहेर टाकायला पंप लागतात आणि ते पंप ऐन पुरात, वीज गेलेली असताना चालावे लागतात. भिंतीचं उद्घाटन होतं, पंपाच्या डिझेलची तरतूद होत नाही. मी तपासलेल्या एका प्रस्तावात भिंतीसाठी कोट्यवधी होते आणि देखभाल-दुरुस्तीच्या रकान्यात चक्क शून्य होता.

दुसरं काम गाळ काढणं. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, सरसकट नाक मुरडू नये. चिपळूणची वाशिष्ठी आखूड आणि तीव्र उताराची नदी, पात्रात गाळाची बेटं साचलेली. २०२१ च्या पुरानंतर तिथल्या लोकांनी साखळी उपोषण करून गाळ काढायला लावला, आणि ते आंदोलन अस्थानी नव्हतं. सांगलीजवळची कृष्णा तशी नाही. उतार अगदी मंद, नागमोडी वळणं, खाली राजापूरपर्यंत आणि पुढे कर्नाटकात बंधारे. मधल्याच टप्प्यात पात्र खोल केलं तर पावसाळ्याआधीच तो खड्डा पाण्याने भरतो आणि पूर त्याच्यावरूनच जातो. पूल आणि बंधाऱ्यांपाशी अडलेला गाळ, राडारोडा काढणं उपयोगाचं आहे, पण त्याची किंमत मर्यादित असते. मर्यादित किमतीच्या कामात रस कुणाला?

तिसरं, सध्याचं सर्वांत लाडकं काम म्हणजे पुराचं पाणी वळवून दुष्काळी तालुक्यांना देणं. कल्पना ऐकायला इतकी गोड की विरोध करणारा खलनायक वाटतो. थोडं गणित करू. एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी एका दिवसात हलवायचं तर ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तेवढे घनफूट) प्रवाह लागतो. समजा महापुरात सांगलीला दोन लाख क्युसेक वाहताहेत, तर दिवसाला १७ टीएमसीच्या वर पाणी पुढे जातंय. टेंभू उपसा सिंचन योजनेची मूळ वार्षिक तरतूद २२ टीएमसी. म्हणजे टेंभूने वर्षभर उचलायचं पाणी नदी सव्वा दिवसात वाहून नेते. पंप, बोगदे, कालवे कितीही वाढवले तरी शिखर पातळीवर त्याने इंचांचा फरक पडेल, फुटांचा नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या तलावांत पावसाळ्यात पाणी जायलाच हवं. ती सिंचनाची आणि न्यायाची चांगली योजना आहे, तेवढ्यासाठी ती जरूर करावी. पण तिला पूरनियंत्रण म्हणून विकू नये. तसं विकलं की पुराच्या नावाचा पैसा सिंचनात संपतो आणि पुढच्या पुरात तुमच्या गल्लीत पाणी तेवढंच असतं.

उलट ज्या कामांचा खरा उपयोग आहे ती बघा.

सगळ्यात परिणामकारक गोष्ट म्हणजे धरणात रिकामी जागा ठेवणं. कोयना १०५ टीएमसीचं. जुलैअखेर त्यात १५ टीएमसी जागा मुद्दाम मोकळी ठेवली, तर एक लाख क्युसेकची आवक जवळपास पावणेदोन दिवस थोपवता येते. तेवढ्यात वारणेचा आणि पंचगंगेचा लोंढा पुढे सरकतो. सांगलीचं दुखणं नुसत्या कृष्णेचं नाही. कराडला कोयना मिळते, सांगलीच्या लगेच खाली हरिपूरला वारणा, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या दोन्ही नद्या तुडुंब असल्या की कृष्णेचं पाणी मागे फुगतं. सगळ्या नद्यांची शिखरं एकाच वेळी येणार नाहीत एवढं साधलं तरी पुष्कळ. आणि याला बांधकामाचा खर्च शून्य.

मग होत का नाही? कारण त्या रिकाम्या जागेची किंमत कुणीतरी मोजतं. कोयनेचं ६७.५ टीएमसी पाणी कृष्णा पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे जातं. उरलेल्यावर सातारा-सांगलीचा ऊस आणि उपसा योजना अवलंबून. १५ ऑक्टोबरला धरण भरलेलं नसेल तर जबाबदार कोण, हा प्रश्न अभियंत्याला विचारला जातो. २०२३ ला पाऊस कमी झाला, कोयना पूर्ण भरलं नाही, आणि त्याच हिवाळ्यात सांगलीसाठी पाणी सोडण्यावरून दोन जिल्ह्यांत वाद पेटला. धरण भरलेलं ठेवून पूर आला तर ‘अतिवृष्टी’ म्हणता येतं. रिकामं ठेवून पाऊस गेला तर निलंबन. खुर्चीत बसलेला माणूस काय निवडेल? जलाशय परिचालनाचे नियम सुधारले आहेत, हवामानाचा अंदाजही पूर्वीपेक्षा बरा मिळतो. पण जागा मोकळी ठेवल्यामुळे वीज किंवा सिंचन बुडालं तर त्याची भरपाई कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदरातून) द्यायची, याची तरतूदच नाही. माझ्या मते ३,२०० कोटींतला एक छोटा भाग यासाठी राखीव ठेवला, तर एकाही भिंतीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आजवर ज्या बैठकीत हे बोललो तिथे लोकांनी मान डोलावली आणि पुढच्या विषयाला हात घातला.

दुसरं अडलेलं काम पूररेषा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा नदीच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातला जो मोठा तो. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेच्या मधे नियंत्रित. हे १९८९ पासून परिपत्रकांत आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत मधल्या पट्ट्यात जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर ठेवून परवानगीची वाट आहे. एका इमारतीपुरतं ते ठीक. पण शंभर इमारतींसाठी भराव टाकला की त्या जागेवर पूर्वी पसरणारं पाणी शेजारच्या जुन्या बैठ्या घरांत शिरतं. नव्याचं जोतं उंच होतं आणि जुन्याच्या खिडकीत पाणी जातं.

आणि सांगलीत तर गुंठेवारी आहे. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याचे तुकडे, स्टॅम्पपेपरवरचे व्यवहार, कष्टकऱ्यांची आयुष्यभराची बचत. २००१ च्या कायद्याने ती नियमित करायची वाट काढली, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत ती वाढवली. एका हाताने पूररेषा आखायची आणि दुसऱ्या हाताने सखल भागातल्या वसाहती नियमित करायच्या, असं हे चाललंय. इथे मला पुढाऱ्यांपेक्षा लोकांबद्दल बोलायला जड जातं, कारण त्या माणसांना शहराने दुसरी जागा परवडेल अशी दिलीच नव्हती. सूर्यवंशी प्लॉटसारख्या ठिकाणी धोका पातळीच्या कितीतरी आधी पाणी शिरतं. तिथल्या कुटुंबांना ‘उठा’ म्हणणं सोपं आहे. कामाच्या जवळ, स्वतःच्या नावावर, तेवढ्याच आकाराची जागा दिली तर बरेच जण जातील. नावावर जागा देणं म्हणजे भूसंपादन, आणि भूसंपादन म्हणजे कुणाची तरी जमीन. म्हणून दर पुरात त्याच कुटुंबांना शाळेत हलवायचं, खिचडी द्यायची, अनुदान वाटायचं. दहा वर्षांचा हा खर्च एकत्र मांडला तर पुनर्वसन स्वस्त पडेल असा माझा अंदाज आहे, पण तो एकत्र मांडायचा कसा? स्थलांतर महसूल खात्याकडे, नाले महापालिकेकडे, नदी जलसंपदाकडे, मदत वेगळ्या निधीतून. प्रत्येकाची वही वेगळी.

तिसरं, रस्त्यांचे भराव. पूरमैदानातून महामार्ग जातो तेव्हा तो मातीच्या भरावावर न्यायचा की खांबांवर, हा फरक कोट्यवधींचा. भराव टाकला की तो आडवा बांध होतो. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कोल्हापूर तुटलं, तेव्हापासून खांबांवरच्या पुलाची मागणी आहे आणि ती योग्य आहे. रस्त्याचा पैसा रस्त्याच्या खात्याचा, पुराचं नुकसान शहराचं. रस्तेवाल्याने स्वतःच्या अंदाजपत्रकात शहराचं नुकसान का धरावं? त्याला भाग पाडेल अशी सही कुठल्याच खात्याकडे नाही.

अलमट्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण न बोलता उत्तर पूर्ण होणार नाही. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात महापुराचं कारण अलमट्टी किंवा कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा नाही, असं म्हटलं. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. सगळ्यांना ते पटलं नाही, आजही नाही. माझं मत मधलं आहे. महापुराचं मूळ आपल्याच पाणलोटात असतं, पण उतार इतका मंद आहे की खालच्या जलाशयांची पातळी आणि विसर्गाची वेळ यांनी पाणी ओसरण्यात फरक पडू शकतो, म्हणून समन्वय हवाच. २०२१ च्या जूनमध्ये दोन्ही राज्यांच्या मंत्र्यांची बंगळुरूला बैठक झाली, तसं दरवर्षी मे महिन्यात व्हायला हवं. अलमट्टीची पातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याला विरोध करावा, आधी बॅकवॉटरचा, म्हणजे धरणामागे फुगणाऱ्या पाण्याचा, अभ्यास मागावा, ते रास्तच. फक्त एक लक्षात ठेवा: अलमट्टी हा आपल्या राजकारणासाठी फार सोयीचा आरोपी आहे. त्याला मतदारसंघ नाही. निळ्या रेषेतल्या प्लॉटला असतो.

टक्केवारीचा प्रश्न तुम्ही सरळ विचारलात, म्हणून सरळ सांगतो. आहे. पण तिचं खरं नुकसान पैसे कमी होण्यात नाही, कामाची निवड बिघडण्यात आहे. पाण्याखालचा गाळ किती घनमीटर काढला हे पावसाळ्यानंतर कुणीच सिद्ध करू शकत नाही, म्हणून गाळ आवडतो. काँक्रीटची ‘सुप्रमा’ घेता येते, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यतेने रक्कम वाढवता येते, म्हणून काँक्रीट आवडतं. धरणातल्या रिकाम्या जागेत, आखलेल्या रेषेत, वेळेवर काढलेल्या बंधाऱ्याच्या बरग्यांत (पाणी अडवणाऱ्या फळ्यांत) टक्का काढायला जागा कुठे?

सुरतची तुलना बरेच जण करतात. २००६ ला तापीवरच्या उकाई धरणातून प्रचंड विसर्ग सोडावा लागला आणि शहर बुडालं. त्यानंतर धरण चालवण्याची पद्धत सुधारली, इशारा यंत्रणा उभी राहिली, त्यासाठी महापालिका, धरणाचे अधिकारी आणि उद्योजक एका न्यासात एकत्र आले. शिकण्यासारखं आहे. पण तिथे एक मुख्य धरण, तेही त्याच राज्यात, आणि श्रीमंत महापालिका. आपल्याकडे चार-पाच नद्या, डझनभर धरणं, दोन राज्यं आणि पगाराची ओढाताण असलेली महापालिका. शिवाय सांगलीच्या नगरसेवकांची मुदत २०२३ च्या ऑगस्टमध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच होता, म्हणजे जाब विचारायला वॉर्डात माणूसच नव्हता.

तेव्हा इथपर्यंतचं थोडक्यात: मदतीचा पैसा नियमाने येतो, प्रतिबंधाचा पैसा घोषणेने येतो. घोषणेचा पैसा दिसणाऱ्या कामांकडे जातो, आणि उपयोगाची कामं कुणाच्या तरी हितसंबंधाला धक्का लागतो म्हणून अडतात. नवा कार्यक्रम हे बदलेल का? त्यातली सर्वेक्षणं, पर्जन्यमापकं, पूर अंदाजाची यंत्रणा यांच्याबद्दल मी आशावादी आहे. वळवण्याच्या योजनेबद्दल पुराच्या दृष्टीने नाही.

शेवटी तुमच्या घराचं. ५७ फुटांविरुद्ध तुम्ही एकटे काही करू शकत नाही. तेव्हा किमती सामान वरच्या मजल्यावर आणि विम्याची पॉलिसी चालू, एवढंच. विम्यात पुराचं कलम आहे का ते वाचून घ्या, गृहकर्जाबरोबरच्या पॉलिसीत सगळं आपोआप असतंच असं नाही. पण दरवर्षीचं गुडघाभर पाणी थांबवता येण्यासारखं आहे आणि त्याला जागतिक बँक लागत नाही. तुमच्या भागाचं पाणी ज्या नाल्याने नदीकडे जातं, त्याच्या तोंडाशी उलटं पाणी अडवणारी झडप आहे का, असली तर ती बंद होते का, आणि ती बंद असताना आतलं पाणी बाहेर टाकायला पंप आहे का, हे स्वतः जाऊन बघा. मग माहितीच्या अधिकारात महापालिकेकडे तीन गोष्टी मागा: त्या पंपाची देखभाल-दुरुस्ती कोणत्या लेखाशीर्षातून होते, गेल्या तीन वर्षांत त्यात किती तरतूद होती, आणि किती खर्च झाला. बहुधा तरतूद थोडी आणि खर्च त्याहून थोडा दिसेल, कारण ३१ मार्चला पैसे परत जातात आणि टेंडर जूनमध्ये निघतं.

हा कागद हातात घेऊन जानेवारीत जा, जूनमध्ये नाही. महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं, जिल्हा नियोजन समितीचा आराखडाही त्याच सुमाराला. पन्नास घरांच्या सह्यांनी ‘पूर थांबवा’ असं निवेदन दिलं तर त्याला पोच मिळते. ‘अमुक नाल्यावर अमुक क्षमतेचा पंप, जनरेटरसह, ३१ मेपूर्वी चालू करून दाखवा’ असं लिहिलं तर उत्तर द्यावं लागतं. आणि वरच्या बाजूला कुणी ओढ्यावर स्लॅब टाकत असेल, तर त्याची तक्रारही त्याच अर्जात जोडा, तो ओळखीचा असला तरी.